रोज उघडली जाणारी सॉफ्टवेअर: मराठी-इंग्रजी मिसळ अभ्यासाला काय ठेवावं, काय काढून टाकावं?

गणेशखिंड_रोड
'पन्नास भन्नाट टूल्स' छापाच्या याद्या नेटवर ढिगाने आहेत. त्या वाचून माणूस वीस ठिकाणी खाती उघडतो आणि शेवटी नोट्स स्वतःलाच व्हॉट्सॲप करतो. म्हणून इथे रोज उघडलं जातं तेवढंच लिहा. का, कसं आणि कुठे अडतं यासकट.

माझं मत आधीच सांगून टाकतो. ज्यातून आपला मजकूर साध्या फायलींत बाहेर काढता येत नाही, ते सॉफ्टवेअर कितीही गोजिरं असलं तरी रोजच्या कामाला घेऊ नये.

परिस्थिती अशी धरा: ८ जीबी रॅमचा विंडोज लॅपटॉप, अँड्रॉइड फोन, नोकरी सांभाळून एनपीटेलचा (आयआयटी वगैरेंचे ऑनलाइन कोर्स) १२ आठवड्यांचा कोर्स, नोट्स अर्ध्या मराठीत अर्ध्या इंग्रजीत. प्रश्न तीन. नोट्स कशात लिहाव्यात? लक्षात ठेवायला काय वापरावं? आणि तिसरा, खरा डोकेदुखीचा: 'ॲप', 'दुसऱ्या' असले शब्द नोट्समध्ये डोळ्यांना दिसतात, पण शोधायला गेलं की 'सापडलं नाही' असं उत्तर का येतं?

चहाटळ
नोटपॅड. विषय संपला.

अर्धविराम
चहाटळ, गंमत बाजूला ठेवली तरी उत्तर तेच आहे, फक्त नोटपॅडला जरा दागिने घालून. ऑब्सिडियन. आत काही जादू नाही, एका फोल्डरमधल्या मार्कडाउन फायली, म्हणजे साधा मजकूर आणि मथळ्यांच्या साध्या खुणा. उद्या ऑब्सिडियन बंद पडलं तरी त्या फायली नोटपॅडमध्येही उघडतात, म्हणजे धागाकर्त्याची अट पूर्ण.

लावताना एवढं पाळा. फोल्डर सी ड्राइव्हवर, आपल्या हाताशी. फायलीच्या नावात देवनागरी चालतं, पण विसर्गाऐवजी कोलन टाकू नका. विंडोज ते चिन्ह नावात घेत नाही आणि फोनवर तयार झालेली तशी फाइल लॅपटॉपवर उतरतच नाही. ही चूक 'दुःख', 'अंतःकरण' लिहिताना हमखास होते, कारण दोन्ही दिसायला सारखे. सुरुवातीला बाहेरचं एकही प्लगइन घालू नका. दैनंदिन नोंद, टेम्प्लेट आणि बॅकलिंक (या नोटकडे कुठून दुवा आलाय ते) आतच येतात.

फोल्डरांची उतरंडही रचत बसू नका. एक फोल्डर कोर्सचा, एक बाकी सगळ्याचा. उरलेलं सर्चवर सोडा.

मुळामुठा
सर्चवर सोडा म्हणे! त्याचा तर तिसरा प्रश्न आहे ना? :)

अर्धविराम
ते जाणकार सांगतील. मी फक्त पहिल्या प्रश्नापुरता आलोय.

नवी_पेठ_अभ्यासिका
दुसऱ्या प्रश्नाला एकच उत्तर, अँकी: प्रश्नोत्तरांची कार्डं विसरायच्या बेताला पुन्हा समोर आणणारं सॉफ्टवेअर. २००६ पासून आहे, लॅपटॉपवर फुकट, अँड्रॉइडवर अँकीड्रॉइड तेही फुकट. आयफोनवर मात्र पैसे मोजावे लागतात. प्ले स्टोअरवर नावात 'अँकी' घातलेली भलतीच ॲप्स आहेत, ती घेऊ नका.

लोक अँकी सोडतात याचं कारण बहुतेक वेळा कार्डं वाईट असतात हे असतं. उदाहरण राज्यघटनेचं घेऊ, कारण स्पर्धा परीक्षांच्या या पेठेत दुसरं काही चालत नाही.

वाईट कार्ड: '७३व्या घटनादुरुस्तीची माहिती सांगा.' मागे दहा ओळी. सात आठवल्या, तीन नाही. आता बटण कोणतं दाबणार?

त्याचे तुकडे करा: 'पंचायतींशी संबंधित ११व्या अनुसूचीत किती विषय?' (२९). '७३वी घटनादुरुस्ती अमलात कधी आली?' (२४ एप्रिल १९९३). 'पंचायतींचे अधिकार कोणत्या कलमात?' (२४३-जी). एका कार्डाला एकच उत्तर, तीन-चार सेकंदांत येईल असं. व्याख्यांसाठी क्लोझ प्रकार वापरा. वाक्य तसंच ठेवून एक शब्द झाकायचा.

सेटिंग. रोजची नवी कार्डं मुळात २० असतात, ती १० करा. साधारण हिशोब असा की रोज जितकी नवी कार्डं, त्याच्या सात ते दहापट उजळणी काही आठवड्यांनी रोज समोर येते. २० नवी म्हणजे दीडशे-दोनशे. नोकरी सांभाळून ते होत नाही, मग साचतं, मग ॲप उडवलं जातं.

एफएसआरएस हे नवं वेळापत्रक २०२३ च्या शेवटी अँकीच्या आतच आलं. डेकच्या (कार्डांच्या गठ्ठ्याच्या) पर्यायांत जाऊन ते चालू करा. 'अपेक्षित स्मरण' ९० टक्क्यांवर असतं, ते तिथेच राहू द्या.

वेताळ_टेकडी
९० का? परीक्षा तोंडावर असेल तर ९५-९७ करायला काय हरकत?

नवी_पेठ_अभ्यासिका
हरकत म्हणजे काम चढत्या भाजणीने वाढतं. शेवटच्या काही टक्क्यांसाठी प्रत्येक कार्ड फार लवकर परत येतं, आणि तेवढ्या वेळात नवीन काही शिकून झालं असतं. तोंडावर असेल तर त्या विषयाचा फिल्टर्ड डेक (निवडक कार्डांचा तात्पुरता गठ्ठा) करून एकदा सगळं चाळा, मूळ सेटिंगला हात लावू नका.

दोन खड्डे राहिलेच. एक: उत्तर चुकलं तर 'पुन्हा'च दाबायचं, 'अवघड' नाही. 'अवघड' म्हणजे 'कष्टाने का होईना, आठवलं'. विसरलेल्याला 'अवघड' दाबत राहिलं तर एफएसआरएसचा सगळा हिशोब बिघडतो. दोन: लॅपटॉप आणि फोन जोडताना अँकीवेब (अँकीची ऑनलाइन सिंक सेवा) कधीकधी 'चढवू की उतरवू?' असं विचारतं. तिथे घाईने बोट लागलं की एका बाजूचं काम पुसलं जातं. विचारलं की थांबा, कार्डं कुठे जास्त आहेत ते आधी बघा.

चहाटळ
एवढी शिस्त असती तर अँकी लागलं असतं का?

वेताळ_टेकडी
एनपीटेलबद्दल थोडं. अंतिम गुणांत असाइनमेंटचे २५ टक्के आणि प्रत्यक्ष केंद्रावरच्या परीक्षेचे ७५ टक्के. १२ आठवड्यांच्या कोर्समध्ये सर्वोत्तम ८ असाइनमेंट धरतात. प्रमाणपत्राला २५ पैकी १० आणि ७५ पैकी ३०, दोन्ही वेगवेगळे हवेत. म्हणजे एखादा आठवडा बुडाला तर आकाश कोसळत नाही, पण आठच द्यायच्या असा बेत करून बसू नका.

यूट्यूबवर व्हिडिओ बघताना माऊस सोडा. के म्हणजे थांब, जे म्हणजे दहा सेकंद मागे, एल म्हणजे दहा सेकंद पुढे. शिफ्ट धरून पूर्णविरामाची कळ दाबली की वेग वाढतो, स्वल्पविरामाची दाबली की कमी होतो. थांबवलेल्या व्हिडिओत त्याच दोन कळा शिफ्टशिवाय दाबल्या की एकेक फ्रेम सरकते. फळ्यावरचं समीकरण पुसायच्या आत पकडायला हेच. वर्णनाखाली ट्रान्स्क्रिप्टचं बटण असतं. ते उघडून कंट्रोल-एफ केलं की सर 'आयगेनव्हॅल्यू' नेमकं कुठे बोलले ते सापडतं.

संकल्पनेला सव्वा पट, गणित सोडवून दाखवताना एकपट. दुप्पट वेगाने गणित 'कळतं', येत नाही.

सिंहगड_रोड_सिग्नल
विंडोजच्या पोटातल्या गोष्टी कुणीच लिहिल्या नाहीत.

विंडोज-व्ही: शेवटचे पंचवीस कॉपी केलेले तुकडे. पहिल्यांदा दाबल्यावर 'चालू करा' म्हणावं लागतं. रोज लागणारा मजकूर तिथे पिन केला की मशीन बंद-चालू केल्यावरही राहतो. पासवर्ड कॉपी करण्याची सवय असेल तर तोही यादीत दिसत बसतो, जपून.

विंडोज-शिफ्ट-एस: पडद्याचा हवा तेवढाच तुकडा.

कंट्रोल-शिफ्ट-व्ही: फॉरमॅट सोडून नुसता मजकूर चिकटवणं. वेबपानावरून नोट्समध्ये रंगीबेरंगी कचरा येतो तो यानेच थांबतो. ब्राउझरमध्ये चालतं, नव्या वर्डमध्येही.

आणि 'एव्हरीथिंग' नावाचं इवलंसं सॉफ्टवेअर. फायलीचं नाव टाइप करता करता यादी हजर. डिस्कची अनुक्रमणिकाच वाचतं म्हणून इतकं झटपट. फायलीच्या आतला मजकूर शोधायला मात्र ते नाही, त्याची अपेक्षा धरू नका.

तळजाई
+१ एव्हरीथिंगला.

मराठी पीडीएफचा विषय काढतेच. सरकारी परिपत्रकं, जुन्या प्रश्नपत्रिका वाचताना मराठी दिसतात, पण कॉपी केलं की रोमन अक्षरांचा चिवडा. कारण ती युनिकोडच्या (प्रत्येक अक्षराला ठरलेला एकच क्रमांक) आधीच्या फाँटांत बांधलेली. श्रीलिपी, कृतिदेव वगैरेंमध्ये 'क'च्या जागी आत वेगळाच कोड असतो, फक्त फाँट त्याला मराठी चेहरा देतो. (श्रीलिपी आपल्या पुण्यातलीच, त्यामुळे इथल्या छापखान्यांत या फायलींचा साठा भरपूर.)

फाँटचं नाव कळलं तर कन्व्हर्टर चालतो. पीडीएफच्या प्रॉपर्टीजमध्ये फाँटचा टॅब बघा. कळलं नाही तर सरळ ओसीआर, म्हणजे चित्रातली अक्षरं ओळखून त्यांचा मजकूर करणं. पान-दोन पानं असतील तर गूगल ड्राइव्हवर चढवा आणि 'गूगल डॉक्सने उघडा' म्हणा. फाइल २ एमबीच्या आत ठेवा. दोन रकान्यांचं पान असेल तर आधी उभं कापून दोन चित्रं करा, नाहीतर डावीकडची अर्धी ओळ उजवीकडच्या ओळीला जोडली जाते.

अख्खं पुस्तक असेल तर टेसरॅक्ट हे ओसीआरचं सॉफ्टवेअर, आणि ते अख्ख्या पीडीएफवर चालवणारं ओसीआर-माय-पीडीएफ. मराठी आणि इंग्रजी दोन्ही भाषा एकत्र द्या. इथे एक मेख आहे. 'ज्या पानावर आधीच मजकूर आहे ते सोड' असा पर्याय निवडला तर जुन्या फाँटची पानं ते सोडूनच देतं, कारण तो चिवडासुद्धा त्याच्या लेखी मजकूरच. अशा फायलींना 'फोर्स-ओसीआर' हाच पर्याय द्यायचा. स्कॅन ३०० डीपीआयचं हवं. नंतर तपासताना ध-घ, भ-म आणि हरवलेले अनुस्वार आधी बघा.

गणेशखिंड_रोड
तळजाई, हे भारी आहे. विंडोजवर ओसीआर-माय-पीडीएफ लावणं किती कटकटीचं?

तळजाई
बरंच. पायथन, टेसरॅक्ट, घोस्टस्क्रिप्ट तिन्ही हवेत आणि एकमेकांना दिसायला हवेत. विंडोजच्या आत लिनक्स चालवता येतं, डब्ल्यूएसएल म्हणतात त्याला. तिथे उबुंटू घालून लावा, तो रस्ता जास्त सरळ. मराठीचं भाषा-पॅकेज वेगळं घालायचं असतं, ते विसरलं की 'भाषा सापडली नाही' असं म्हणून थांबतं.

औंध_आयटी
इतकं कोण करतं? पीडीएफ नोटबुकएलएममध्ये (आपल्याच फायलींवरून उत्तरं देणारं गूगलचं एआय) टाका आणि प्रश्न विचारा. फुकट खात्यात एका वहीत ५० स्रोत बसतात. संपलं.

तळजाई
औंधकर, जुन्या फाँटचा चिवडा आत गेला तर त्याचंही उत्तर आत्मविश्वासानेच येईल हो. आधी ओसीआर, मग नोटबुकएलएम. उत्तराखालच्या आकड्यांवर टिचकी मारून मूळ परिच्छेद उघडून बघायचा. तो आळस केला की 'कोर्समध्ये असं आहे' म्हणून भलतंच पाठ होतं.

अर्धविराम
आणि असाइनमेंटची उत्तरं त्याच्याकडून घेतली तर २५ टक्के हातात, ७५ टक्के परीक्षा केंद्रावर एकटे.

दगडूशेठ_ते_दगडी_पूल
अवांतर: गुरुवारी दुरुस्तीसाठी लाइट गेली की ही सगळी ऑनलाइन हुशारी जाते. राउटरचा छोटा यूपीएस घ्या. घेण्याआधी अडॉप्टरवरचं लेबल वाचा: बहुतेक १२ व्होल्ट, पण १ अँपिअर की २, हे महत्त्वाचं. फायबरचा डबा आणि वायफायचा डबा वेगळे असतील तर दोन्हींना वीज हवी. नुसता वायफायचा जिवंत ठेवून उपयोग नाही.

चहाटळ
गुरुवारी दुपारी राउटर चालू ठेवणारा माणूस अस्सल पुणेकर नव्हे. दुपार कशासाठी असते हे त्याला ठाऊकच नाही. (हलकं घ्या, गंमत आहे.)

सिंहगड_रोड_सिग्नल
लाइटचं निघालंच आहे तर: गूगल ड्राइव्हचं लॅपटॉपवरचं ॲप 'स्ट्रीम' पद्धतीत असेल तर फायली फक्त दिसतात, असतात ढगात. नेट गेलं की उघडत नाहीत. कामाच्या फोल्डरला 'मिरर' करा किंवा उजवी टिचकी देऊन 'ऑफलाइन उपलब्ध'. गूगल डॉक्सची लॅपटॉपवर दिसणारी फाइल ही तर नुसती दुव्याची चिठ्ठी असते. पेन ड्राइव्हवर कॉपी केली म्हणजे बॅकअप झाला असं नाही. वर्ड म्हणून डाउनलोड करा, किंवा गूगल टेकआउट वापरून सगळं एकदम काढा.

औंध_आयटी
पण ड्राइव्ह हाच बॅकअप आहे ना? १५ जीबी फुकट.

अर्धविराम
नाही. लॅपटॉपवर उडवलं की ड्राइव्हवरूनही उडतं, कचरापेटीत ३० दिवस राहतं, मग कायमचं जातं. सिंकथिंगचंही (दोन यंत्रांतल्या फायली परस्पर जुळवणारं सॉफ्टवेअर) तसंच, एका बाजूची चूक दुसऱ्या बाजूला इमानाने पोचते. तीन प्रती, दोन प्रकारच्या माध्यमांवर, एक घराबाहेर. हा जुना नियम अजून पुरतो.

लॅपटॉप ते फोन ऑब्सिडियनसाठी मात्र सिंकथिंग उत्तम. कुठल्याही सर्व्हरवर फायली ठेवत नाही. दोन्ही यंत्रं एकाच वेळी चालू हवीत. फोनच्या सेटिंगमध्ये त्याच्यावरचं बॅटरी बचतीचं बंधन काढा, नाहीतर पडदा बंद झाला की तेही झोपतं. लॅपटॉपवर 'स्टॅगर्ड व्हर्जनिंग' चालू करा म्हणजे जुन्या आवृत्त्या राहतात. एकच नोट दोन्हीकडे बदलली तर 'सिंक-कॉन्फ्लिक्ट' नावाची जादा फाइल येते. ती न वाचता उडवू नका. अँड्रॉइडवरचं मूळ ॲप डिसेंबर २०२४ मध्ये थांबवलं गेलं, आता लोक त्याचा फोर्क (त्याच कोडवरून दुसऱ्यांनी चालवलेली आवृत्ती) वापरतात.

वाडिया_समोर
झोटेरोचं नाव कुणी घेतलं नाही म्हणून. संदर्भ गोळा करायला तेच. फक्त त्याचं डेटा फोल्डर ड्राइव्ह किंवा ड्रॉपबॉक्समध्ये ठेवू नका, आतला डेटाबेस खराब होतो. नोंदी त्याच्याच सिंकने न्या. जोडलेल्या पीडीएफना ३०० एमबी फुकट मिळतात, पुढे वेबडॅव्ह (आपण निवडलेल्या दुसऱ्या सर्व्हरवरची जागा). मराठी लेखकाचं नाव आडनाव-नाव असं दोन रकान्यांत नीट बसत नसेल, टोपणनाव असेल, तर रकान्याशेजारचं बटण दाबून एकच रकाना करा.

मुळामुठा
प्रकाटाआ (प्रतिसाद काढून टाकला आहे)

गणेशखिंड_रोड
मंडळी, वाचनखूण साठवण्यासारखं झालंय. पण माझा तिसरा प्रश्न राउटरच्या डब्यामागे पडलाय. 'ॲप' का सापडत नाही?

मात्रा_वेलांटी
आले.

'ॲ' तीन प्रकारे लिहिलेलं सापडतं. एक, स्वतंत्र अक्षर ॲ, युनिकोड क्रमांक ०९७२. दोन, अ आणि त्यावर ॅ असे दोन तुकडे: अॅ. तीन, हिंदी पद्धतीचं ऍ. पहिले दोन पडद्यावर बहुतेक फाँटांत हुबेहूब, पण यंत्राच्या लेखी वेगळे. कारण ऐतिहासिक आहे: ०९७२ हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ साली आलं. त्याआधी मराठी लिहिणाऱ्याला अ-वर चंद्र चिकटवण्याखेरीज किंवा ऍ-वर भागवण्याखेरीज इलाज नव्हता, आणि बरीच टायपिंगची साधनं त्याच वळणावर राहिली. नेहमीच्या युनिकोड नॉर्मलायझेशननेही (एकाच अक्षराची वेगवेगळी रूपं एक करण्याची पद्धत) हे एक होत नाहीत.

'दुसऱ्या'चं दुखणं वेगळं. योग्य क्रम ऱ, हलन्त, य. दुसरा मार्ग म्हणजे साधा र, हलन्त, मग न दिसणारा जोडक, मग य: दुसर्‍या. दिसायला तेच. तुमचा फोन एक लिहितो, लॅपटॉप दुसरं, आणि सर्च बिचारा प्रामाणिक.

तात्पुरता उपाय: ऑब्सिडियनच्या शोधात तिरप्या रेघांमध्ये पर्याय देता येतात. असं लिहा: /(ॲ|अॅ|ऍ)प/. तिन्ही सापडतील.

कायमचा उपाय: फोल्डरची प्रत काढा. मग नोटपॅड-प्लस-प्लसमध्ये कंट्रोल-शिफ्ट-एफ, फोल्डर निवडा, आणि आपल्याच फाइलमधून अॅ कॉपी करून 'शोधा'मध्ये, ॲ 'बदला'मध्ये. मग ऍ. मग र्‍य जाऊन ऱ्य आणि र्‍ह जाऊन ऱ्ह. न दिसणारा जोडक सरसकट उडवू नका. तो उडवला की 'दुसर्‍या'चं 'दुसर्या' होतं, रफार येतो आणि शब्दच चुकतो. ऍ बदलतानाही हिंदी उतारे असतील तर ते वगळा.

तळजाई
बाई गं. म्हणजे ओसीआरच्या मजकुरातही हे तीन प्रकार असणार.

मात्रा_वेलांटी
असतात. ओसीआर झाल्यावर लगेच हाच बदल चालवायचा, नोट्समध्ये घालण्याआधी.

आणि पुढे घोळ होऊ नये म्हणून कीबोर्ड एकच ठेवा. इनस्क्रिप्ट (भारतीय लिप्यांची प्रमाण कीबोर्ड-मांडणी) शिका असं म्हणेन. स्वर आणि मात्रा डाव्या हाताला, व्यंजनं बहुतेक उजव्या. 'दुसऱ्या' म्हणजे ओ, जी, एम, शिफ्ट-जे, डी, तिरपी रेघ, ई. सात कळा, दरवेळी त्याच, मधे कुणी अंदाज बांधत नाही.

औंध_आयटी
२०२६ मध्ये इनस्क्रिप्ट? फोनेटिक (उच्चाराप्रमाणे रोमन कळा) आहे की विंडोजमध्ये. विंडोज १० च्या २०१९ च्या अपडेटपासून आतच येतं. भाषेत मराठी, पर्यायांत फोनेटिक कीबोर्ड, विंडोज-स्पेसने अदलाबदल.

मात्रा_वेलांटी
वापरा की. फक्त ते सुचवणीच्या यादीतून शब्द देतं, तेव्हा 'ॲ' नेमकं कोणतं आलं हे एकदा तपासा. चाचणी अशी: नुसतं ॲ लिहून एकदाच बॅकस्पेस दाबल्यावर अ मागे उरला तर ते दोन तुकड्यांचं आहे.

चहाटळ
आत्ता नोटपॅडमध्ये करून बघितलं. अ उरला.

गणेशखिंड_रोड
फोनच्या कीबोर्डवर हीच चाचणी लागू होते का? बॅकस्पेसने कधीकधी अख्खं अक्षर जातं तिथे.

मात्रा_वेलांटी
फोनवर भरवसा नको, काही कीबोर्ड जोडगोळी एकदम पुसतात. फोनवर लिहिलेली नोट लॅपटॉपवर येऊ द्या आणि कर्सर त्या अक्षराच्या लगेच उजवीकडे ठेवून तिथे बॅकस्पेस दाबा.